मार्था आक्कानं यंदा काय सोडलं

आमच्या वडगावच्या चर्चच्या मंडळीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. त्यातून लेंटचा उपवासकाळ आला की विचारूच नका! राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, आणि प्रत्येकानं आवडीची एक गोष्ट सोडायची. माणसं आवडीचं सोडायला लागली की गंमत होणारच की!

*

एस्तेर मावशींनी टीव्हीवरची मालिका सोडली. पहिल्याच आठवड्यात बघतो तर मावशी शेजारणीच्या दारात. शेजारीण आजचा भाग सांगतेय आणि मावशी पदरानं डोळे पुसतायत!

"मावशी, हे काय?"

"बघायचं सोडलंय बाबा, ऐकायचं न्हाय!"

*

मावशींच्या शेजारी निंगाप्पा अण्णांचा पॉवरलूम. त्याच्या खडखडाटात आमेनसुद्धा ऐकू येत नाही. पण अण्णा मनाचे मोठे, आमची प्रार्थना सुरू झाली की स्वतःहून माग बंद करतात. एका संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब असे रंगात आले की संदेश संपता संपेना. शेवटी निंगाप्पा अण्णा दारात येऊन हात जोडून उभे.

"साहेब, देवाला सगळं ऐकू गेलंय. आता माग चालू करू काय?"

सगळ्यात मोठ्यानं पाळकसाहेबच हसले.

*

सॅमसन अण्णा चर्चमध्ये पेटी वाजवतात, धाकटे भाऊ दानिएल आप्पा ढोलकी. गाण्याची लय कुणी पळवली यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, त्याला वर्षं लोटली. राहतात एका घरात, दर रविवारी वाजवतात शेजारी बसून, पण निरोप मात्र पाळकसाहेबांमार्फत!

घरात बोलणारी एकटी बहीण, मार्था आक्का. यंदा काय सोडणार हे सांगायची तिची पाळी आली तशी ती ताडकन उठली.

"मी ह्या दोघांशी बोलायचं सोडलं! एकमेकांशी बोलतील तवाच माझं तोंड उघडंल!"

आणि खरंच गप्प! ताट पुढ्यात ठेवायची, शब्द नाही. घर खायला उठलं. आप्पा एकदा मला म्हणाले, "ईस्टरलाबी बोलली न्हाय तर रं?" डोळे भरले होते त्यांचे. मला लई वाईट वाटलं.

सॅमसन अण्णांनी पाळकसाहेबांना गाठलं. "तिला जरा सांगा, बोल म्हणावं."

पाळकसाहेब म्हणाले, "अण्णा, मी यंदा निरोप पोचवायचं सोडलंय!"

*

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एकमेकांचे पाय धुतो. येशूनं शिष्यांचे धुतले, त्याची आठवण. बाकावर जो शेजारी असेल त्याचे धुवायचे. आणि पेटी-ढोलकीवाले नेहमीसारखे शेजारी!

अण्णांनी परात ओढली. कण्हत गुडघे टेकले. आप्पांचा पाय धरून पाणी ओतलं, तसा आप्पांनी पाय झटकन मागं घेतला. बायकांच्या बाजूला मार्था आक्का टाचा उंचावून उभी.

अण्णांनी पाय पुन्हा धरला.

"हलू नकोस रं दान्या! लहानपणापास्नं गुदगुल्या तुला!"

आप्पा हसत होते की रडत होते, कळेना. "गुदगुल्या न्हाईत अण्णा, पाणी लई गार हाय!"

"मग काय तापवून आणू? तू काय पाव्हणा हायस?"

"व्हय, आण की!"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं खणखणीत आवाज आला.

"दोघंबी गप बसा आता! उपासना चाललीय!"