मागच्या बाकावरचे दोघे

सौदामिनी मॅडम लातूरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतात. बडबड्या पोरांची त्यांना भारी चीड. मागच्या बाकावर दोघं कुजबुजले, की एकाला उठवून पुढच्या रांगेत बसवणार. घरी मात्र त्या एकट्याच. म्हणून एका रविवारी छोटा विलायती पोपट आणायला गेल्या.

"दिवसभर घरी कोण ऱ्हातंय?" दुकानदाराने विचारलं.

"कोणीच नाही. सकाळी कुलूप लावलं की संध्याकाळीच उघडतं."

"मग दोन न्या. एकटं पाखरू लई झुरतंय बघा."

मॅडमनी दोन आणले, पण पिंजरेही दोन. एकत्र बसले तर आपसातच बोलतील, मग माझ्याशी कोण बोलणार, हा त्यांचा हिशोब. पाखरं पिसं फुगवून भिंतीकडे तोंड करून बसली, दाण्याला चोच लावेनात. मॅडमही हट्टाला पेटल्या. शेवटी वैतागून त्यांनी दोघांना एकाच पिंजऱ्यात सोडलं.

आता कुलूप उघडलं, की आत बोलणं चालूच असतं. मॅडमकडे कोणी वळूनही बघत नाही. त्या चपला हळूच काढतात आणि चहा घेऊन पिंजऱ्याजवळ बसतात. शेजारीण हाक मारत आली, तर तोंडावर बोट ठेवून तिलाच गप्प करतात.