काळ्या कापडावरचे केस

उन्हाळा लागला की कात्रीताईंच्या दुकानात क्लोरीनचा वास सुरू होतो. दुकान तीन खुर्च्यांचं आणि पोहण्याच्या तलावाच्या गल्लीत, त्यामुळे तलावातून बाहेर पडलेली डोकी थेट त्यांच्याकडे येतात. कुणाचे केस झाडूसारखे ताठ, कुणाचे टोकांना तांबूस. कात्रीताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जीभ कात्रीसारखी चालते म्हणून गल्लीनं ते ठेवलं आणि त्यांनीही ते हौसेनं पाटीवर रंगवून घेतलं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं रे टेकलं की यांचं सुरू.

"पाण्यात उतरायच्या आधी साध्या पाण्यानं डोकं चिंब केलं होतंत? नाही ना? अहो, कोरडा केस तहानलेला असतो, मिळेल ते पितो. आधी नळाचं पाजा, मग तलावातलं कमी पिईल. वर चार थेंब तेल, घट्ट वेणी, टोपी. बाहेर आलात की लगेच धुवा. टॉवेलनं रगडू नका, भांडी नाहीत ती! आणि उन्हातून घरी जाताना डोक्याला रुमाल बांधा."

हे सगळं एका दमात. मध्ये बोलायची कुणाची टाप नसते.

अशा बाईची दुकानातली बोलती एका उन्हाळ्यात आठ दिवस बंद होती.

झालं असं, की एका सकाळी त्या लेकीची वेणी घालत होत्या. लेक बारा वर्षांची. सुट्टी लागल्यापासून रोज दुपारी चारला तलावावर पळायची, घरात तिला सगळे मासोळीच म्हणतात. कंगवा फिरवला तर दातांत केसांचा पुंजका आला. पुन्हा फिरवला, पुन्हा आला.

"टोपी घालतेस ना गं पाण्यात?"

"हो गं आई."

"डोकं भिजवतेस आधी?"

"सगळं करते. ओढू नकोस ना!"

सगळं करते, म्हणजे मग हे पाण्यानं नाही. हे आतून आहे. कात्रीताईंनी वेणी अर्धीच सोडली.

उगाच नाही सोडली. चार वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण याच दुकानात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून म्हणाली होती, "ताई, केस फार जातायत गं." तीही पोहायची. कात्रीताईंनी मान वर न करता निकाल दिला, "ऊन आणि क्लोरीन. तेल लाव, टोपी घाल." बहीण बिचारी तीन महिने इमानेइतबारे तेल लावत राहिली. मग ताप येऊ लागला, सांधे धरले, आणि डॉक्टर म्हणाले की आजार अंगात मुरलाय, केस गळणं ही त्याची पहिली खूण होती. उरलेले केस औषधांनी नेले. दीड वर्षात ती गेली.

कुणी कात्रीताईंना दोष दिला नाही. तो त्यांचा त्यांनीच रोज दिला. कारण त्यांच्या धंद्यातली ही अगदी साधी गोष्ट आहे: गळलेला केस उचलायचा आणि टोक बघायचं. मधूनच तुटलेला असेल, तर मार बाहेरचा, ऊनपाण्याचा. टोकाला बारीक पांढरा दाणा असेल, तर तो मुळापासून सुटलाय, आणि असे पुंजक्यानं सुटायला लागले की डॉक्टर गाठायचा. हजार परक्या डोक्यांचे केस त्यांनी असे बघितले होते. सख्ख्या बहिणीचा एक उचलला नव्हता.

आणि आता मासोळीचा उचलायची छाती होईना. टोकाकडे न बघताच त्या कंगव्यातले केस एका पाकिटात भरायच्या आणि पाकीट दुकानातल्या खणात ढकलायच्या. बघितलं आणि दाणा दिसला तर? जोवर बघत नाही, तोवर पोर धडधाकट होती. त्या तिच्या कपाळाला हात लावायच्या, गुडघे चाचपायच्या, "दमलीस का? कुठे दुखतंय का?" विचारून तिला भंडावून सोडायच्या. पोर वैतागायची. दुकानात एकीचे केस दोन बोटं जास्त कापले गेले, दुसरीला दोनदा शाम्पू लावला गेला. लोकांना वाटलं, उन्हाळा बाधला.

नवरा वायरिंगची कामं करणारा, तोलूनमापून बोलणारा. तो म्हणाला, "अगं, डॉक्टरकडे नेऊ या की तिला."

"उद्या."

"आठ दिवस तुझं उद्याच चाललंय."

"अहो, उद्या म्हटलं ना!" त्या ओरडल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या. त्यानं वाद घातला नाही. परस्पर शनिवारची वेळ घेऊन टाकली.

शुक्रवारी दुपारी तलावावरून एक बाई तडक दुकानात शिरली. ओल्या केसांचा झुपका मुठीत. "ताई, हे बघा, हातात येतायत. काही आजारबिजार नसेल ना हो?"

कात्रीताईंनी सवयीनं एक केस चिमटीत धरला, उजेडाकडे केला. "मूळ कुठाय याला? मधूनच तुटलाय. टोपी घाला, बाई! आधी बघावं, मग घाबरावं. घाबरून आधीच अर्धमेलं कशाला व्हायचं?"

बाई हसत निघून गेली. कात्रीताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. स्वतःचेच शब्द त्यांना झोंबले होते.

त्यांनी दाराची कडी लावली. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं काळं कापड टेबलावर पसरलं. काळ्यावर पांढरा दाणा लपत नाही. पाकीट उपडं केलं. पहिला केस धरायलाच तीन वेळा जमलं नाही. शेवटी धरला.

तुटलेला.

दुसरा तुटलेला. तिसरा, चौथा, दहावा, चाळिसावा. दाण्याचे तीनचार निघाले, पण तेवढे कुणाच्याही कंगव्यात निघतात. कात्रीताईंनी कापडावर कपाळ टेकलं आणि हुंदक्यांना वाट करून दिली.

रडून झाल्यावर डोकं चालू लागलं. पोर टोपी घालते, तर केस तुटतील कसे?

त्या तशाच तलावावर गेल्या. पाण्यात लाल, निळ्या, पिवळ्या टोप्या वरखाली होत होत्या आणि त्यांच्यात एक डोकं उघडं, रणरणत्या उन्हात. कात्रीताईंनी हाक मारली. मासोळी वर आली, पाणी निथळत, चेहरा पडलेला. टोपी तिच्या पिशवीत कोरडी ठणठणीत होती.

"माझ्याशी खोटं बोललीस?"

"टोपी घातली की मी मावशीसारखी दिसते."

"काहीतरीच काय!"

"मग तू तशी का बघतेस? पहिल्या दिवशी मी घरी घालून दाखवली, तेव्हा बघत होतीस."

"कशी बघत होते?"

"मी मरणार असल्यासारखी."

नाही म्हणावं, तर पोर खरंच बोलत होती. त्या दिवशी टोपीत केस झाकलेला तो गोल चेहरा बघून कात्रीताईंचा जीव उडाला होता, आणि आपण ते हसून झाकलं अशी त्यांची समजूत होती. आठ दिवस त्या जिच्यासाठी घाबरत होत्या, ती त्याच्याही आधीपासून त्यांच्या डोळ्यांना घाबरत होती.

"मावशीकडे मी वेळेवर बघितलं नाही गं," त्या म्हणाल्या. "म्हणून तुझ्याकडे असं बघितलं जातं. तुला काही झालेलं नाही, केस ऊनपाण्यानं तुटलेत. उद्या डॉक्टरही बघतील. पण मला भीती वाटते. ती काही आज जायची नाही."

मासोळीनं पिशवीतून टोपी काढून डोक्यावर ओढली, कानांवरून नीट खाली घेतली आणि आईकडे तोंड केलं. "आता?"

कात्रीताईंनी बघितलं. बहीण दिसली. त्यांनी नजर हलवली नाही.

"अजून तशीच बघतेयस," मासोळी म्हणाली.

"हो."

"बरं. मग इथेच थांब."

तिनं सूर मारला. कात्रीताई कठडा धरून उभ्या राहिल्या. टोपी पाण्याखाली गेली की त्यांचा श्वास अडकायचा, वर आली की सुटायचा.