उरलेला एक शब्द

लकव्यानं माझा उजवा हात थोडासा नेला आणि बोलणं जवळजवळ सगळंच नेलं. मागे ठेवला एकच शब्द: गेटपास. जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी झाली, रोज सकाळी फाटकावर तो दाखवला, म्हणून तोच उरला असावा. पाणी हवं असलं तरी गेटपास, पंखा बंद करायचा तरी गेटपास. डोक्यात वाक्य अगदी नीट तयार असायचं आणि तोंडातून हेच बाहेर पडायचं. भेटायला आलेले पाहुणे आधी दचकायचे, मग हसू दाबायचे. संतापून शिवी घालायला जावं, तर शिवीसुद्धा गेटपासच निघायची.

बायकोला मात्र त्यातून सगळं कळायचं. कोणता गेटपास चहाचा आणि कोणता संडासाचा, हे ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखायची. मी तोंड उघडायच्या आत वस्तू हजर.

हे बंद करायला भंडाऱ्याहून स्कूटीवर एक मुलगी आमच्या घरी येऊ लागली. स्पीच थेरपिस्ट. माझ्या लेकीच्या वयाची, पण पहिल्याच दिवशी तिनं बायकोला दम भरला, "काकू, काकांनी बोलायचा प्रयत्न केल्याशिवाय त्यांना काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा."

"तहानेनं मारून टाकाचं काय वं त्याईले?" बायको म्हणाली, पण मुकाट्यानं तांब्या पदराआड लपवला.

मग मुलीनं मला विचारलं, "काका, बोलता येऊ लागलं की सगळ्यात आधी काय करायचंय?" मी काय सांगणार! बायकोच बोलली. उन्हाळ्यात एकोडीला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. सख्खी आत्या, पण ती जाणार नव्हती.

"बाजूचे भाऊजी इथं झोपाले येतीन, डबा आणतीन, सबन करतीन. पण मी तिकून फोन केला आन् इकून गेटपास आलं, तं मले का समजन? माह्या डबड्या फोनात तोंड त दिसत नाही. आन् भाऊजीले इचारून फायदा नाही. ते मेलेल्यालेही बरा हाये म्हणतीन."

भावाच्या घरचं ते शेवटचं लग्न होतं. माझ्या जिभेपायी तिनं ते सोडावं, हे मला सहन होईना. मी मुलीला फोनकडे बोट दाखवलं. ती लगेच समजली.

त्या दिवसापासून घरात फोनाफोनी सुरू झाली. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन बसायची आणि तिथून मला फोन करायची. मी बाहेरच्या खोलीत, स्पीकर चालू करून, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून एकेक तुकडा बाहेर काढायचो. ठेक्यानं शब्द सुटतो, हे तिनंच शिकवलं. शब्द अडला तर ती ओरडायची नाही आणि पुरवायचीही नाही, नुसती थांबायची. तिच्या त्या थांबण्याचा मला इतका राग यायचा की रागाच्या भरातच शब्द सुटायचा. गेटपास निघाला की ती आतून म्हणायची, "काका, झाली तपासणी, आता आत या." सुरुवातीला मी चिडायचो, मग मलाही हसू येऊ लागलं. लग्नापर्यंत तीन वाक्यं घोटून तयार झाली: मी बरा आहे. मी जेवलो. तू काळजी करू नको.

बायकोनं ती दाराआडून ऐकली, डोळे पुसले आणि पिशवी भरली.

लग्नाच्या संध्याकाळी तिचा फोन आला. भाऊजी समोरच डबा उघडत होते. मी स्पीकर लावला, ठेका धरला आणि तिन्ही वाक्यं सावकाश, स्वच्छ, एकही न चुकता म्हटली. तिकडे बँड वाजत होता.

"फोन कंपनीवाल्याले लागला वाटते, टेप वाजून राह्यली," असं कुणाला तरी म्हणत तिनं फोन कापला.

खरंच आहे. इतक्या शुद्ध भाषेत मी जन्मात तिच्याशी बोललो नव्हतो. भाऊजी हसून लोळायचे बाकी होते. पण माझा आवाज मिळाला नाही म्हणून ही घाबरून मांडवातूनच परत निघणार! मी फोन डाव्या हातात घट्ट पकडला आणि तिला लावला. तिनं उचलताच ओरडलो, "गेटपास!"

"अजी! तुमीच होता काय!" बँड दूर गेला. ती बाजूला सरकली असावी. तिनं नाक ओढलं. मग भीत भीत म्हणाली, "भाऊ थांब म्हणून राह्यला. आखीन एक दिवस राहू का जी?"

याचं उत्तर आम्ही घोटलं नव्हतं. डाव्या हातात फोन असल्यामुळे ठेकाही धरता येईना. भाऊजींनी हातातला घास तसाच ठेवला.

"राह्य ना वं," मी म्हणालो.

मग बँडच्याही वर तिचा आवाज आला. ती अख्ख्या मांडवाला सांगत सुटली होती, "मले राह्य म्हणते! ऐका ना, मले राह्य म्हणते!"