निळा नाला

अंबरनाथला आमच्या शाळेतले कॉम्प्युटरचे सर पेन ड्राइव्ह ताईतासारखा गळ्यात घालून मिरवत. "मॅडम, तुमचं सायन्स बोअर होतं. कॉमिक दाखवा, पोरं एकदम खूश!" हे मला रोज ऐकवत. प्रदूषणाच्या धड्यावर त्यांनी स्वतःच कॉम्प्युटरवर कॉमिक बनवलं. त्यात कारखान्यामागून निळाशार नाला वाहत होता आणि मासे हसत होते. शेवटचं चित्र कोरं छापून त्यांनी सातवीला रंगवायला दिलं. एका मुलीने नाला लाल रंगवला.

"आमच्या घरामागे असाच वाहतो, सर."

"स्क्रीनवर काय दाखवलं होतं?" म्हणत सरांनी नाल्यावर लाल पेनाने फुली मारली. ती दिसलीच नाही. मग त्यांनी आणखी जोरात दुसरी मारली.