शांती नगरच्या लायब्ररीत बसलेले धक्के

लायब्ररी चालवते म्हटलं की लोकांना वाटतं, बाईंचं बरंय, पंख्याखाली बसून दिवसभर वाचायचं! अहो, वाचायला वेळ कुणाला? मीरा रोडला शांती नगरात तळमजल्यावरच्या एका गाळ्यात माझी लायब्ररी. कपाटं झाडली की धूळ जाते, किस्से मात्र साठतच जातात. आणि त्यातले निम्मे असे, की आठवले तरी मी अजून तोंडावर हात ठेवते.

* * *

आमच्याकडे सगळ्यात जास्त फिरतात नट-नट्यांच्या आठवणी. असंच एका जुन्या हिरोचं आत्मचरित्र परत आलं, तर एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं, 'साफ खोटं!'

पुस्तक नेलं होतं सुलभाकाकूंनी. सत्तरी पार, आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागतं.

"काकू, लायब्ररीच्या पुस्तकात लिहायचं नसतं हो."

"माहितेय गं. पण राहवलं नाही."

मी पान वाचलं. हिरो म्हणत होता, माझ्या डोक्यावरचा प्रत्येक केस आजही माझा स्वतःचा आहे.

"हे खोटं आहे, ते तुम्हाला कसं माहीत?"

काकूंनी शांतपणे चष्मा पुसला. "सहा वर्षं त्याचा विग मीच चिकटवत होते."

काकू फिल्म लाइनमध्ये हेअरड्रेसर होत्या! बिल्डिंगमध्ये कुणाला पत्ता नाही. मी ती पेन्सिल खोडलेली नाही. त्या पुस्तकाला आता वेटिंग आहे.

* * *

एका पत्रकाराचं जाडजूड पुस्तक आलं, नेत्यांनी हडपलेल्या जमिनींवर. दुसऱ्याच दिवशी पेणकरपाड्याहून एक कार्यकर्ता दारात हजर. मागे आणखी दोघं!

"मॅडम, त्या नवीन बुकमध्ये आमच्या साहेबांचं नाव आहे का?"

मी घाईघाईनं पुस्तक उघडलं. मागची नावांची यादी काढली, दोनदा तपासली. "नाही हो. कुठेच नाही."

म्हटलं, सुटले. तर तो खुर्चीत मटकन बसला.

"एवढ्या सगळ्यांची नावं आहेत, आणि आमच्या साहेबांचंच नाही? आता मी त्यांना काय तोंड दाखवू?"

* * *

त्याच पुस्तकानं देसाई सरांनाही गोत्यात आणलं. सर रिटायर्ड हेडमास्तर. दर रविवारी बागेत ज्येष्ठ नागरिकांना काहीतरी गंभीर वाचून दाखवतात. त्यांनी शनिवारी ते पुस्तक नेलं. आता, कुठल्या तरी मेंबरनं घरच्यांपासून लपवायला त्याचं कव्हर एका प्रेमाच्या कादंबरीला चढवलं होतं, हे मला तरी काय ठाऊक!

रविवारी सर उभे राहिले. "ऐका, सत्तेचं खरं रूप!" म्हणाले, आणि मधलंच पान उघडून खणखणीत आवाजात सुरू झाले, "तिच्या ओल्या केसांचा गंध त्याला वेडा करत होता..."

सगळे गार! सरांचा चेहरा लालबुंद.

तेवढ्यात मागच्या बाकावरून त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "थांबलात का? वाचा की पुढे!"

सोमवारी सर तणतणत आले. मी दहा वेळा सॉरी म्हटलं आणि पुस्तकासाठी हात पुढे केला.

"राहू दे चार दिवस," सर तिसरीकडेच बघत म्हणाले. "हिचं व्हायचंय वाचून."

* * *

आमच्या शेजारच्या जिग्नाबेन मराठी शिकल्या त्या निव्वळ आमच्या प्रेमकथा वाचून. हिंदीमुळे लिपी येतच होती, म्हणून धडाधड वाचत सुटल्या. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय निघाला. जिग्नाबेन उठल्या आणि सेक्रेटरींच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या, "तुम्ही मला वचन दिलं होतंत! मी रोज तुमची वाट पाहते, आणि तुम्ही मला असं तहानलेलं सोडून जाता?"

सेक्रेटरींच्या बायकोनं जे वळून बघितलं! टँकर तासाभरात आला.

* * *

आणि बामणेकाका. गोडदेवला राहायचे, मूळचे रत्नागिरीकडचे, एका कंपनीत टायपिस्ट होते. दर आठवड्याला यायचे, थेट प्रेमकथांच्या कपाटाशी जायचे. 'मधुलिका' नावाच्या लेखिकेची पुस्तकं काढायची, मागच्या चिठ्ठीवरच्या तारखा बघायच्या, परत ठेवायची. नेलं एकही नाही. मला तर त्यांचा जरा रागच यायचा. म्हटलं, या वयात हे काय!

काका गेले. महिन्याभरानं बामणेकाकू आल्या, हातात टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा.

"ह्यांच्या कपाटात होतं. बघा बरं, कसले कागद ते."

पहिल्या पानावर कादंबरीचं नाव, आणि खाली 'मधुलिका', कंसात काकांचं पूर्ण नाव. मी उभीच राहिले. अर्ध्या मीरा रोडच्या बायकांना जिनं रडवलं, ती मधुलिका म्हणजे बामणेकाका! आपलं पुस्तक किती जणींनी नेलं, तेवढं बघायला यायचे ते.

काकूंना सांगितलं, तर त्यांना हसूच आलं. "हे? अहो, एक्केचाळीस वर्षांत घरात चार वाक्यं सलग बोलला नाही हा माणूस!"

मग म्हणाल्या, "द्या बघू एक."

एक नेलं. मग दुसरं. अकराच्या अकरा वाचली. शेवटचं परत करायला आल्या तेव्हा पुस्तक टेबलावर ठेवलं, पण हात त्यावरून काढेनात.

"ह्यात तो तिला म्हणतो," काकू म्हणाल्या, "तू भाकरी थापतेस ना, तेव्हा मी दारात उभा राहतो. तुझ्या बांगड्या ऐकायला."

मी हातातला तारखेचा शिक्का खाली ठेवला.

"रोज उभे राहायचे हो दारात. आणि मी आपली रोज ओरडायची, भूक लागलीय ते कळतंय, जरा दम धरा!"