वामनरावांचं आवतण

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझे सासरे वामनराव बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत रिवाजाप्रमाणे म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

आमच्या गावात, फुलसावंगीत, हे घरोघरी होतं. पण मामाजी तेवढ्यावर थांबत नाहीत. बैल बांधून ते वावराकडे निघाले, मीही मागोमाग गेले. कपाशीच्या ओळींमधल्या तासांत तूर, बरबटी म्हणजे चवळी, ज्वारी दाटीनं उभी होती. आमची डाळ-भाजी आणि बैलांचा कडबा इथूनच येतो. ज्वारीच्या धांड्यावर एक कोतवाल पक्षी अळी खात बसला होता.

मी लग्न होऊन आले त्याच्या आधीची गोष्ट. एकदा फवारणीनंतर वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, दोन कोतवाल मरून पडलेले मामाजींना दिसले. त्या सालापासून फवारणीचा पंप माळ्यावर पडला आहे.

धुऱ्यावर उभं राहून मामाजींनी हात जोडले. कोतवालाला, मातीतल्या गांडुळांना, बरबटीच्या फुलांवरच्या मधमाशांना त्यांनी तेच आवतण दिलं.

उद्याच्या पुरणाची डाळ निवडून माझी मान अवघडली होती. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "मामाजी, एवढ्या पाहुण्यांचं रांधायचं कोणी?"

"अवं, हेच पाहुणे वर्षभर आपल्याले जेवू घालतेत," ते शांतपणे म्हणाले. "अन् त्यायचं जेवण वावरातच हाये. त्याच्यात जहर नाही कालवाचं, एवढाच आपला सयपाक."