ताईच्या डोळ्यापासून माझ्या दाढेपर्यंत

ताईचा भिंगांचा चष्मा चुकीच्या मापाचा होऊन आला, तो माझ्यामुळे. कंपनीच्या माणसाकडे बोट दाखवायला जागाच नाही. तो बिचारा मोजपट्टी ताईच्या डोळ्यापाशी धरून माझ्या दाढेपर्यंतचं अंतर मोजत होता. दातांच्या डॉक्टरचा हा चष्मा ठरलेल्या एका अंतरावरच स्वच्छ दाखवतो. डोकं जरा पुढे-मागे झालं की नुसतं धुकं. मापासाठी खुर्चीत कोणीतरी तोंड उघडून पडायला हवं होतं, आणि आमच्या घरात रिकामं तोंड म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात.

"मॅडम नेहमी अशाच बसतात ना?" त्याने विचारलं.

प्रश्न ताईला होता. पण तोंडात आरसा असला की मला बोलायची उबळ येते. मी आरशाच्या कडेने म्हणालो, "लहानपणापासून!"

त्याने तेच माप उतरवून घेतलं.

खोटं मी काही बोललो नव्हतो. ताई लहानपणापासून वाकूनच बसे. पुस्तकात नाक खुपसून बसलेल्या ताईच्या पाठीत आई येता-जाता बोट टोचायची, "सरळ बस, कुबड येईल." ताई तेवढ्यापुरती सरळ व्हायची आणि आई वळली की पुन्हा पुस्तकावर ओघळायची. पुढे पुस्तकाच्या जागी लोकांचे जबडे आले, एवढाच फरक.

तिचा दवाखाना सायकलींच्या दुकानावरच्या मजल्यावर आहे. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि एक खिडकी. आत ताई, दातांची ती लांबलचक खुर्ची, आणि दवाखाना उघडल्यापासून ताईच्या हाताशी असलेल्या मावशी. खालून दिवसभर टायरमध्ये हवा भरल्याचा फुस्स आवाज येतो. त्याला दचकलेल्या पेशंटला मावशी सांगतात, "ते खाली आहे हो. आमचं अजून सुरू व्हायचंय." त्याने धीर येतो असा त्यांचा समज आहे.

त्या खुर्चीत घाबरलेला माणूस एक गोष्ट हटकून करतो. तो घसरतो. ताईचा हात जवळ आला की हनुवटी छातीत घालून इंच-इंच खाली सरकतो. डोकं टेकायची उशी वर राहते आणि पाय खुर्चीबाहेर लोंबतात. दुसरा कोणी डॉक्टर म्हणेल, "वर सरका." ताईने कधी म्हटलं नाही. "आधीच घाबरलेला, त्यात आपण कशाला हुकूम सोडायचे?" म्हणून ती त्याच्या मागोमाग खाली जाई. तो घसरे, ही वाके. तो आणखी घसरे, ही आणखी वाके. वरून त्याच्या कानाशी हळू आवाजात बोलत राही: झालंच हं, छान, आता थोडं गार लागेल. लोकांना वाटे, काय मायाळू डॉक्टर आहे! डॉक्टरच्या मानेला काय वाटतं, हे कोण विचारणार?

मानेने शेवटी स्वतःच सांगितलं. एका दुपारी ताईच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या आणि हातातला आरसा सुटून ट्रेमध्ये पडला. पेशंटला कळलं नाही. मावशींना कळलं. त्यांनी दुसरा आरसा पुढे केला.

हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "असंच वाकत राहिलात तर बारीक कामं सोडावी लागतील. हाताचा भरवसा राहणार नाही."

बारीक कामं म्हणजे रूट कॅनॉल. साफसफाई आणि दात काढणं हे ताईच्या दृष्टीने पोटापाण्याचं. जीव सगळा रूट कॅनॉलमध्ये. दाढेच्या तळाशी केसाएवढी वाट लपलेली असते, ती सापडली की ताई दिवसभर गाणं गुणगुणते. लोक दागिन्याने खुश होतात. आमची ताई भोक सापडल्याने.

म्हणून ते लूप, म्हणजे भिंगांचा चष्मा. कंपनीचा माणूस पेटी उघडून बसला आणि ताईने एकेक नाकावर चढवला. सगळ्यात मोठं दाखवणारा लावला तेव्हा माझी दाढ तिला एवढी मोठी दिसली की शेजारचे दात गावाबाहेर गेले.

"दाढ दिसते, पण कुठली ते कळत नाही," ती म्हणाली. "आणि नाकावर वरवंटा ठेवल्यासारखं वाटतंय."

"पहिल्यांदा घेताय तर अडीचपट घ्या मॅडम. आजूबाजूचंही दिसतं," तो म्हणाला. "आणि भिंगं खालच्या अंगाला वळलेली घ्या. म्हणजे नजर खाली जाते, मान जात नाही."

एका प्रकारात भिंगं वर उचलता येत होती. दुसऱ्यात ती चष्म्याच्या काचेतच पक्की बसवलेली, हलकी, पण एकदा बसवली की हलत नाहीत. ताईने हलका पसंत केला. मग माप, आणि माझं ते "लहानपणापासून".

चष्मा आला. ताई ताठ बसली, पेशंटच्या तोंडात पाहिलं, तर धुकं. वाकली, तर लख्ख. ज्या वाकण्यापासून सुटका हवी होती, तेच वाकणं कंपनीने काचेत बसवून पाठवलं होतं. पूर्वी निदान मधूनमधून कंटाळून सरळ तरी होता येई. आता दिसायचं असेल तर वाकूनच राहा.

"मॅडम, तुम्ही तर अजून खाली गेलात," मावशी म्हणाल्या.

"मीच उशीर केला," ताई म्हणाली. "या वयात डोळे नवं शिकत नाहीत." चष्मा खणात गेला. त्या आठवड्यात रूट कॅनॉलचा पेशंट आला, त्याला तिने दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मावशी मला म्हणाल्या, "दिवसभर गाणं नाही ऐकलं." मी गप्प बसलो. मला हे फारसं जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

पुढे एक ट्रकड्रायव्हर आला. दाराला डोकं घासेल एवढा उंच, खुर्चीत बसला तेव्हा ऐटीत. ताईने आरसा उचलल्याबरोबर जो घसरायला लागला, तो पार टाचा जमिनीला टेकेपर्यंत. ताई त्याच्या मागे निघाली, निघाली, आणि अर्ध्यावर हाताला मुंग्या आल्या म्हणून थांबली. वर पाहिलं. उशी रिकामी. उशीखाली हातभर जागा रिकामी. त्या जागेकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "वर या."

"अं?"

"डोकं उशीवर. मी खाली येणार नाही, तुम्ही वर या."

एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा मुकाट्याने वर सरकला. ताईने पायाने कळ दाबून खुर्ची उचलली. ताठ बसूनच तिने त्याची दाढ तपासली. आवाज तोच हळू, तोच मायेचा. तो काही जास्त घाबरला नाही.

संध्याकाळी मला फोन. "बारक्या, त्या कंपनीच्या माणसाला घेऊन ये. आणि तू पण ये, तोंडासकट."

मी खुर्चीत पडलो. आरसा आला, मी घसरलो.

"तेव्हाही असाच घसरला होतास?"

"मला काय माहीत? मी डोळे मिटले होते."

"वर सरक."

ताई पाठ टेकून बसली. कोपर अंगाशी, मान जागेवर. कंपनीच्या माणसाने पट्टी धरली आणि जुन्या मापाशी ताडून पाहिलं. म्हणाला, "मॅडम, हा तर दुसऱ्याच डॉक्टरचा चष्मा झाला." या वेळी त्याने मला काही विचारलं नाही. जुना चष्मा परत कारखान्यात गेला.

नवा आला तेव्हा पहिले काही दिवस ताईला गरगरलं. हत्यार उचलायला हात जाई तो ट्रेच्या पलीकडे. मावशींचा हात भिंगांतून दिसला तेव्हा तर ती दचकलीच. मग डोळे रुळले. मुंग्या कमी झाल्या. पत्ता देऊन पाठवलेला तो रूट कॅनॉलवाला अजून कुठे गेलाच नव्हता. तो परत आला, आणि त्याच्या दाढेत ताईला एक जास्तीची वाट सापडली. मावशी म्हणाल्या, गाणं खालच्या सायकलवाल्यालाही ऐकू गेलं.

त्यानंतर पाळी माझी. मी न सांगता उशीवर डोकं ठेवलं. वर ताई ताठ बसलेली, नाकावर ती दोन छोटी नळकांडी, कपाळावर दिवा. तिला इतकी सरळ मी जन्मात पाहिली नव्हती. आई असती तर बोट टोचायला जागा मिळाली नसती. आरशाच्या कडेने मी विचारलं, "ताई, इतकी वर्षं तू माझ्या तोंडात बघतेस. आज सरळ बसून काय नवीन दिसलं?"

ताई म्हणाली, "तू रात्री ब्रश करत नाहीस."